ताईच्या मुठीची गाडी

आमच्या घरात कुणी काही बिघडलं म्हणून सांगत आलं, की त्याला आधी बसा म्हणायची पद्धत नाही. आधी पाना शोधायचा. आमचे वडील असेच होते आणि मी थेट त्यांच्यावर गेलोय. लहानपणी मी ताप आलाय म्हटलं, तर ते आधी थर्मामीटर झटकून स्वतःच्या काखेत लावायचे, तो बरोबर दाखवतोय का ते बघायला. तोवर माझा ताप उतरलेला असायचा, हा भाग वेगळा.

त्यामुळे थोरली बहीण एका सकाळी वर्कशॉपच्या दारात गाडी उभी करून खिडकीतूनच म्हणाली, "ठोक्या, क्लच जड झालाय रे," तेव्हा मी तिला चहासुद्धा न विचारता गाडीखाली शिरलो.

ठोक्या म्हणजे मी. लेथ चालवण्यात, वेल्डिंग करण्यात आणि माणसं दुखावतील असं बोलण्यात माझी हयात गेली. गिऱ्हाइकं मला मिस्त्री म्हणतात. ठोक्या म्हणायचा हक्क एकट्या ताईचा, कारण मी चालायच्या आधी ठोकायला शिकलो हे तिनं डोळ्यांनी पाहिलंय. आणि गाडी म्हणजे आमची म्हातारी. घेतली तेव्हाच ती जुनी होती. गोल दिवे, फुगीर मडगार्ड, दुधी हिरवा रंग, आणि बॉनेट एवढं लांब की वळणावर आधी ते पोचतं, मग आपण. आता तिच्या वयाच्या गाड्या फक्त कॅलेंडरवर दिसतात.

ताईचा डावा पाय लहानपणच्या आजारात गेला. गेला म्हणजे आहे, पण नावाला. पुढे ती शिकली आणि तिला पाणी तपासायच्या खात्यात नोकरी लागली. काम हिंडायचं होतं. गावोगावच्या विहिरी, टाक्या, नळ बघायचे, पाण्याचे नमुने बाटल्यांत भरायचे आणि प्रयोगशाळेत आणून तपासायचे. साहेबानं तिचा पाय पाहिला आणि तिला टेबलाशी बसवलं. बाटल्या दुसरे आणतील, तू त्यांच्यावर चिठ्ठ्या चिकटव. तिनं महिनाभर चिठ्ठ्या चिकटवल्या आणि मग माझ्याकडे येऊन म्हणाली, "मला गाडी चालवायचीय."

गाडी शिकवणाऱ्यानं तिला आधीच वाटेला लावलं होतं. पेडलं तीन, पाय एक, बाई तुम्ही आपल्या मागे बसा, असं. मी तेव्हा नुकता लेथ घेतला होता, मिशी फुटून फार वर्षं झाली नव्हती. मी म्हणालो, "होईल." कसं होईल याची मला काडीची कल्पना नव्हती. तरुणपणी माणूस होईल म्हणतो ते अकलेमुळे नाही, ती नसल्यामुळे.

पण झालं. क्लचचं पेडल मी कापून टाकलं आणि गिअरच्या दांड्यालाच दुसरा एक लिव्हर जोडला. दोन्ही मिळून मुठीत आवळले की क्लच दबायचा, आणि मूठ तशीच आवळून दांडा सरकवला की गिअर पडायचा. स्कूटरला डाव्या हातात असतं तसंच, फक्त इथे अख्खी मोटार ओढायची होती. म्हणून खालच्या सांध्यांत हाताचा जोर वाढवायची व्यवस्था केली. लिव्हरच्या मुठीसाठी खिडकीच्या काचा बसवायच्या लांबीचा गोळा ताईच्या हातात दिला आणि म्हणालो, "आवळ." तिनं असा आवळला की बोटांच्या मधून लांबी बाहेर आली. त्या गोळ्यावर उमटलेल्या आकाराबरहुकूम मी लाकूड कोरलं. ती मूठ माझ्या हातात आजतागायत नीट बसलेली नाही. मागचं सीट काढून तिथे बाटल्या अडकवायला भोकांची लाकडी घडवंची केली, म्हणजे खड्ड्यात नमुने हिंदकळणार नाहीत.

परवाना देणाऱ्या साहेबानं म्हातारी स्वतः चालवून बघायचा हट्ट धरला. तीनदा बंद पाडली. मग ताईनंच त्याला शेजारी बसवून चक्कर मारून आणली आणि त्यानं मुकाट्यानं सही केली. पुढे लोक कौतुकानं म्हणायचे, पोरगी स्वतःच्या पायावर उभी राहिली. ताई म्हणायची, "पायावर कुठली? मुठीवर."

तिनं लग्न केलं नाही. शहराच्या त्या टोकाला दोन खोल्यांत एकटी राहते. निवृत्त झाली तेव्हा मला वाटलं, आता बसेल. तर ती आणखीच हिंडायला लागली. ग्रंथालय, मैत्रिणी, डोंगरापलीकडचं तळं. तिथे ती पाणी बघायला जाते आणि गढूळ असेल तर चिडून परत येते. म्हातारी बंद पडली तर ताई घरात बसणार, हे आम्हा दोघांनाही पक्कं ठाऊक होतं. म्हणून त्याबद्दल आम्ही कधी बोललो नाही.

तर, क्लच. पहिल्यांदा मी केबल बदलली. तेलपाणी केलं, सांधे घासले. ताईनं मूठ आवळून पाहिली, "हं, बरा वाटतोय," म्हणाली आणि गेली. महिना झाला नाही तोच पुन्हा दारात.

"ठोक्या, तसाच आहे रे."

या खेपेला मी गिअरबॉक्सच खाली उतरवला. प्लेट पाहिली, बेअरिंग बदललं, नवी केबल टाकली. आणि मनाचं समाधान म्हणून वजनाचा हुकाचा काटा लिव्हरला अडकवून ओढून पाहिला. गाडी पहिल्यांदा तयार केली तेव्हा असाच काटा लावून जोर मोजला होता आणि तो आकडा लिव्हरच्या पोटाशी पंचनं ठोकून ठेवला होता, अशी आपली माझी सवय. आताचा आकडा त्याहून कमी आला. म्हणजे क्लच तेव्हापेक्षा हलका होता. मी काटा बदलून पुन्हा मोजलं, आणि मग उगाच बराच वेळ गाडीखाली पडून राहिलो.

काटा खोटं बोलत नाही. मी बोललो. ताईला सांगितलं, "केबलीतच खोट होती. भिकार माल येतो हल्ली."

"तरीच," ताई म्हणाली.

ताकाला जाऊन भांडं लपवावं ते आमच्याच घराण्यानं. पण मी एका घरात राहतो आणि त्या घरात माझी बायकोही राहते. ती भाजी चिरता चिरता म्हणाली, "वन्संच्या हाताकडे बघितलंत का तुम्ही? परवा इथे आल्या होत्या तेव्हा बरणीचं झाकण माझ्याकडे दिलं उघडायला. अंगठ्याच्या मुळाशी केवढी सूज आहे. तुम्ही आपले गाडीखाली. रोग रेड्याला आणि औषध पखालीला."

"तुला गाड्यांतलं काय कळतं?" मी खेकसलो.

"गाड्यांतलं नाही कळत," ती म्हणाली आणि चिरत राहिली.

तिसऱ्या खेपेला ताईनं काही बोलायच्या आतच मी गाडी ठेवून घेतली. खालचे सांधे नव्यानं केले, मदतीला एक स्प्रिंग दिली, आणि क्लच इतका हलका करून टाकला की लहान पोरानंही दोन बोटांनी दाबावा. मनातल्या मनात स्वतःची पाठ थोपटली. ताईला बोलावलं. ती बसली, मूठ आवळली, भुवया वर केल्या, गाडी सुरू केली, आणि फाटकाशी म्हातारी आचका देऊन बंद पडली. पुन्हा सुरू केली, पुन्हा बंद. चौथ्या वेळी गाडी उडी मारून माझ्या वेल्डिंगच्या टेबलाशी येऊन थांबली.

ज्या बाईनं साहेबाला फिरवून आणलं, ती बाई माझ्या अंगणात शिकाऊ झाली होती. मला बघवेना.

"कुठे धरतो तेच कळत नाहीये रे," ताई म्हणाली. "आधी हातात कळायचं."

तिचं बरोबर होतं. क्लच कुठे धरतो, हे हाताला लागणाऱ्या जोरावरूनच कळतं. जोर काढून घेतला तर हात आंधळा होतो. जड ठेवला तर तिच्यानं आवळवेना, हलका केला तर तिला कळेना. या दोन्हींच्या मध्ये काही जागा असती तर मी ती शोधून काढली असती. नव्हती. माझी सगळी विद्या तिथे संपली.

ताईनं किल्ली फिरवून इंजिन बंद केलं. समोर बघत म्हणाली, "ठोक्या, गाडीला काही झालेलं नाहीये ना?"

मी फडक्याला हात पुसत राहिलो.

"कधी कळलं तुला?"

"दुसऱ्या केबलीच्या वेळी."

"मला पहिल्या."

"मग आणत कशाला राहिलीस?" मला एकदम राग आला. "अख्खा गिअरबॉक्स उतरवला मी! पाठीचं खोबरं झालं माझ्या!"

"तू होईल म्हणशील म्हणून," ताई म्हणाली. "तुझ्या तोंडून एकदा ऐकलं की मला महिनाभर पुरतं." मग माझ्याकडे वळून म्हणाली, "नाचता येईना अंगण वाकडं, हे सगळेच म्हणतात. पण पाना घेऊन खरंच अंगण सरळ करायला बसणारा भाऊ मलाच मिळाला."

आम्ही दोघंही हसायला लागलो. हसता हसता माझे डोळे वाहायला लागले. ते मी पुसले नाहीत, कारण फडकं ग्रीसनं भरलेलं होतं.

मग तिनं सांगितलं. गेल्याच आठवड्यात चौकात ती गिअर टाकून, मूठ आवळून थांबली होती. मूठ आपोआप उघडली. गाडीनं पुढे उडी घेतली. समोरून एक माणूस पोराचं बोट धरून रस्ता ओलांडत होता. ब्रेक लागला, कुणाला काही झालं नाही, उलट त्या माणसानंच हिला विचारलं, आजी तुम्ही बऱ्या आहात ना?

"लोक आजारी पडू नयेत म्हणून जन्मभर पाणी तपासलं मी," ताई म्हणाली, "आणि शेवटी एखाद्याच्या पोराच्या अंगावर गाडी घालू? विकून टाकू हिला."

बायकोनं सुचवून पाहिलं, क्लचच नसलेल्या गाड्या मिळतात आता. ताई म्हणाली, "मूठ एकटी नाही गं जात. संध्याकाळी समोरचे दिवे फुटल्यासारखे दिसतात मला, मान मागे वळत नाही. मुठीनं फक्त आधी सांगितलं."

मी मात्र एवढ्यावर ऐकणारा नव्हतो. विकायची कशाला? माझ्या मागच्या शेडमध्ये जागा आहे, झाकून ठेवू, महिन्यातून एकदा इंजिन सुरू करू.

"आणि मी येऊन तिची ख्यालीखुशाली विचारू?" ताई म्हणाली. "नको. मी घरात बसणार ते बसणार. तिला कशाला बसवतोस?"

विकायची तर नीट करून विकायची, हा आमचा दुसरा घरचा नियम. तळाचा गंजलेला पत्रा कापून नवा बसवला, वायरिंग बदललं, दारांच्या बिजागऱ्या केल्या, लिव्हर पुन्हा पहिल्यासारखा जड करून ठेवला. ताई बसने यायची, दोन बस बदलून, आणि स्टुलावर बसून बंपर चकचकीत करायची. डाव्या हातानं दमली की उजव्या. ती मधेच एखाद्या पोच्यावर बोट ठेवून म्हणायची, "हा त्या बैलाचा," आणि मी म्हणायचो, "ठोकू?" आणि ती म्हणायची, "राहू दे."

पहिलं गिऱ्हाईक एक हॉटेलवाला. त्याला म्हातारी दिवाणखान्यात उभी करून तिच्या पोटात फुलझाडं लावायची होती. ताईनं त्याला हात जोडून निरोप दिला. दुसरा जुन्या गाड्यांचा शौकीन, हातमोजे घालून आलेला. लोहचुंबक लावून पत्रा तपासत त्यानं गाडीभोवती दोन प्रदक्षिणा घातल्या, आत डोकावला आणि म्हणाला, "अरेरे, मूळ गाडीची पार वाट लावलीत की हो! हे लोढणं काढलं तर प्रदर्शनात उभी करता येईल."

लोढणं! माझ्या हातात तेव्हा हातोडा होता. ताईनं तो काढून घेतला आणि त्याला म्हणाली, "उभी करून ठेवणाऱ्याला आम्ही देत नाही."

आणि मग चष्मेवाला आला. चाळिशीचा, सडसडीत, बोलायला गोड. त्याचं चष्म्यांचं दुकान होतं, पण खरं काम हिंडायचं. शाळाशाळांत जाऊन पोरांचे डोळे तपासायचे, भिंगांच्या पेट्या बरोबर घेऊन. कुणीतरी त्याला सांगितलं होतं की इथे पायानं अधू माणसासाठी केलेली गाडी विकायला आहे. तो मित्राच्या गाडीतून उतरला तेव्हा पँटच्या आत लोखंडी पट्ट्यांचा आवाज मला ऐकू आला आणि माझं मन एकदम हरखलं. म्हटलं, देव आहे. लिव्हर राहणार, मूठ राहणार, सगळं आहे तसंच राहणार.

मग तो दोन पावलं चालला. भार डाव्यावर होता. अधू पाय उजवा होता.

त्यानं दार उघडून आत पाहिलं, पेडलं पाहिली, लिव्हर पाहिला. "अहो," तो म्हणाला, "हे तर डाव्याचं आहे."

आणि ताईला हसू फुटलं. अशी हसली की स्टूल हललं. "म्हणजे आपण दोघं मिळून एक अख्खा ड्रायव्हर होतो," ती म्हणाली, आणि तोही दाराला धरून हसायला लागला. मी एकटाच तोंड पाडून उभा होतो.

चहा झाला. ताईनं त्याला, आता कसं जमवता, म्हणून विचारलं. तो म्हणाला, "ड्रायव्हर ठेवतो. तो आला तर मी जातो, नाही आला तर शाळा राहते. मग तिथल्या पोरांना फळ्यावरचं दिसत नाही आणि ती मठ्ठ ठरतात. मी तीन ठिकाणी विचारलं, गाडी मला चालवता येईल अशी करून द्या म्हणून. सगळे म्हणाले, साहेब, तुम्ही आपले मागे बसा."

ताईनं कप खाली ठेवला आणि माझ्याकडे पाहिलं. "ठोक्या?"

तिला कोणता शब्द हवा होता ते मला पक्कं माहीत होतं. मी तो दिला नाही. म्हणालो, "सगळं उपसावं लागेल. लिव्हर काढायचा, क्लचचं पेडल परत बसवायचं, ब्रेक आणि ॲक्सिलरेटर हातावर घ्यायचा. आहे त्याचा काहीच उपयोग नाही. त्यापेक्षा दुसरी गाडी बघा."

"दुसरी आणली तर करशील?"

"करेन."

"मग हिच्यावरच का नको?"

"कारण तो लिव्हर माझ्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं काम आहे!" मी ओरडलोच. "त्याच्यासारखं पुन्हा माझ्या हातून झालेलं नाही. आणि तो मी माझ्याच हातानं कापू?"

चष्मेवाला उठायला लागला. ताईनं त्याला खुणेनं बसवलं. "तो तू माझ्यासाठी केला होतास ना?" ती मला म्हणाली. आवाज अगदी साधा होता. "मग मीच सांगते, काढ."

मी आत जाऊन लेथ सुरू केला आणि काहीच न लावता तो फिरवत उभा राहिलो. रागावलो होतो, आणि त्याहून जास्त लाजलो होतो. बाहेर आलो तेव्हा चष्मेवाला गेला नव्हता. मी त्याला विचारलं, "उजव्या हाताला जोर आहे का?" तो म्हणाला, "कुबडी याच हातानं वापरलीय दहा वर्षं." मी म्हणालो, "मग होईल." ताईनं चहाचे कप उचलले आणि आत गेली.

किमतीचं बोलणं तर दुसरा चहा निवायच्या आत उरकलं. कामाला मात्र अख्खा पावसाळा लागला. क्लचचं पेडल मी तेव्हा तरुणपणाच्या मस्तीत फेकून दिलं होतं, ते नव्यानं घडवावं लागलं. उजवीकडे, स्टीअरिंगच्या खाली, एक लिव्हर आला. पुढे ढकलला की ब्रेक, आपल्याकडे ओढला की वेग. चाकाला डाव्या हातासाठी एक गोल मूठ बसवली, म्हणजे एका हातानं वळवता येईल. ब्रेकवर माझा कुणावरच भरवसा नसतो, स्वतःवर तर नाहीच, त्यामुळे ते तीनदा उघडले. नव्या लिव्हरच्या मुठीची वेळ आली तेव्हा ताईनंच लांबीचा गोळा मळला, चष्मेवाल्याच्या उजव्या हातात दिला आणि म्हणाली, "आवळा. लाजू नका."

तिचा लिव्हर तिनं भंगारात टाकायला सांगितला. मी टाकला नाही. कुठे ठेवलाय ते सांगणार नाही.

बाटल्यांची घडवंची काढायची का, असं मी विचारलं तेव्हा चष्मेवाला ओशाळून म्हणाला, "ठेवली असती हो, पण मला तीन मुली आहेत, बाटल्या नाहीत." ताईनं घडवंचीचे स्क्रू स्वतः काढले. तिच्या लाकडाला अजून क्लोरीनचा वास येत होता. शेवटचा स्क्रू तिच्या हातानं फिरेना. मी पुढे झालो तर तिनं पेचकस दिला नाही. दोन्ही हातांनी धरून तो फिरवला आणि मग तिथेच, गाडीच्या मागच्या भागात बसून, रडली. एवढ्या महिन्यांत पहिल्यांदा. मी बाहेर उभा राहिलो. तिला आत बरं वाटत होतं.

मागच्या मोकळ्या मैदानात ती त्याला शिकवायला बसायची. शेजारच्या सीटवर. आयुष्यात पहिल्यांदाच ती म्हातारीच्या त्या बाजूला बसत होती. हात कुठे ठेवायचे ते तिला कळत नसावं, कारण पहिले काही दिवस तिनं पर्स छातीशी गच्च धरली होती. पण तोंड चालू होतं. "ओढा. हळू. ती घोडी नाही, म्हातारी आहे. तिला आधी विचारा, मग ओढा." चष्मेवाला घामाघूम व्हायचा. बंद पडली की ती म्हणायची, "एका साहेबानं तीनदा पाडली होती, तुमच्या अजून दोन शिल्लक आहेत." एक दिवस त्यानं अख्ख्या मैदानाला न थांबता फेरी मारली, आणि मी पाहिलं की ताईची पर्स खाली पायाशी पडली होती.

कागदपत्रं झाली, तपासणी झाली. शेवटच्या दिवशी तो सकाळी आला. मुलींना आणलं नव्हतं, पहिली फेरी एकट्यानं मारायची होती. बायकोनं त्याला खाऊ बांधून दिला. ताईनं बॉनेटवर एकदा हात ठेवला आणि काढून घेतला. तो बसला, म्हातारी सुरू झाली, न आचकता फाटकातून बाहेर पडली आणि रस्त्याला लागली. मी हात वर करून हलवत राहिलो. तो वळणावर दिसेनासा झाला. त्यानं मागे पाहिलं नाही, की हात केला नाही.

"बघ," मी ताईला म्हणालो. "एवढं रक्त आटवलं याच्यासाठी आपण, आणि साधा हात नाही हलवला मेल्यानं."

"कुठला हलवेल?" ताई म्हणाली. "एक हात लिव्हरवर, एक चाकावर. गाडी निघताना तिसरा कुठून आणेल?"

मी तिच्याकडे बघत राहिलो. इतकी वर्षं मी या फाटकात उभा राहून तिला हात करत आलो होतो, आणि ती मान ताठ ठेवून निघून जायची. एकदाही तिनं हात हलवला नाही. मला वाटायचं, ताईचा स्वभावच कोरडा. बायकोला मी तसं बोलूनही दाखवलं होतं, पुष्कळदा. लिव्हर मी केला, मूठ मी कोरली, कोणता हात कधी कुठे असतो ते माझ्याइतकं कुणाला माहीत होतं? आणि हे एवढं मला सुचलं नव्हतं.

"काय रे?" ताईनं विचारलं.

"काही नाही," मी म्हणालो. "चल, घरी सोडतो तुला."

ती नको म्हणाली नाही. स्कूटरवर माझ्या मागे एका बाजूला बसली, काठी मांडीवर आडवी घेऊन, एका हातानं माझा खांदा धरून. मी सावकाश नेली. वाटेत तिनं दोन वेळा मला सिग्नल दाखवले, जसे काही मला दिसत नव्हते. तिच्या दारापाशी तिला उतरवलं, कुलूप उघडून दिलं, कारण किल्ली फिरवायला तिला त्रास होतो हे आता आम्ही दोघं एकमेकांसमोर मान्य करत होतो.

मग मी निघालो. गल्ली चढाची आहे आणि खडबडीत. डाव्या हातात क्लच, उजव्या हातात वेग. कोपऱ्याशी येऊन आरशात पाहिलं. ताई अजून दारात उभी होती आणि हात हलवत होती, चांगला वर करून, मला दिसावा म्हणून. मला तिला हात करायचा होता. करता आला नाही.